जैववैद्यकीय विज्ञान आणि हुकलेल्या डॉक्टरीचा शिक्का

जैववैद्यकीय विज्ञानाच्या, म्हणजे बायोमेडिकल सायन्सच्या, पदवीविषयी मराठी मध्यमवर्गात एक मत इतके घट्ट रुजले आहे की ते केवळ मत आहे याचाच विसर पडतो आणि ते वस्तुस्थिती म्हणून सांगितले जाते. त्या मतानुसार ही पदवी म्हणजे हुकलेली डॉक्टरी होय. ज्याचा मेडिकलला नंबर लागला नाही, एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा देण्याचा धीर ज्याच्यात उरला नाही आणि खासगी महाविद्यालयाची फी ज्याच्या घरच्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्याने नाइलाजाने पत्करलेली ती वाट आहे. तीत वैद्यकाची परिभाषा आहे पण वैद्यकाचा अधिकार नाही, पांढरा कोट आहे पण गळ्यात स्टेथोस्कोप नाही, आणि शेवटी पदरात पडते ती एखाद्या लॅबमधील तुटपुंज्या पगाराची नोकरी. हे मत मांडणाऱ्यांत पालक आहेत, क्लासचालक आहेत आणि नवल म्हणजे या विषयाचे काही अध्यापकही आहेत. यातील पगाराचा भाग बराचसा खरा आहे आणि त्याचा विचार पुढे येईलच. परंतु तेवढ्या खऱ्या भागाच्या जोरावर बाकीचे सगळे खरे ठरवण्याची जी घाई केली जाते, ती तपासून पाहिली तर टिकत नाही.

आरोग्य आणि रोग या दोन्ही अवस्थांत मानवी शरीरात रेणू, पेशी आणि ऊती यांच्या पातळीवर काय घडते आणि जे घडते ते विश्वासार्हपणे मोजायचे कसे, याचा अभ्यास म्हणजे जैववैद्यकीय विज्ञान. जैवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, शरीर परक्याला ओळखून त्याचा प्रतिकार कसा करते हे सांगणारे रोगप्रतिकारशास्त्र, औषधशास्त्र, मानवी आनुवंशिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, ऊतींचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याचे ऊतिशास्त्र आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली जैवसांख्यिकी असा त्याचा साधारण आवाका असतो. दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत ही ऑनर्स पदवी याच नावाने शिकवली जाते. महाराष्ट्रात हाच आशय जैवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांच्या बीएस्सीत आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांत विखुरलेला आढळतो. बायोमेडिकल इंजिनिअरिंगशी, म्हणजे रुग्णालयातील यंत्रे घडवण्याच्या आणि सांभाळण्याच्या विद्येशी, या पदवीची गल्लत अनेकदा होते, आणि जे लोक या पदवीवर ठामपणे निकाल देतात तेच ही गल्लत करताना दिसतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

‘हुकलेली डॉक्टरी’ या शिक्क्यामागे एक साधी अंकगणिती चूक आहे. २०२४ मध्ये सुमारे २३ लाख विद्यार्थी नीटला बसले आणि देशातील एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे शंभरातील पंचाण्णवांना एमबीबीएसला प्रवेश मिळणे शक्यच नव्हते, मग त्यांनी कितीही रात्री जागवल्या असोत. ज्या स्पर्धेचा निकाल जागांच्या संख्येनेच ठरलेला आहे, तिच्यात मागे राहणे ही बुद्धीची कसोटी मानली, तर देशातील विज्ञान शाखेची जवळजवळ सगळी पिढी नापास ठरवावी लागेल, आणि मग अभियंते, प्राध्यापक, शास्त्रज्ञ, बँक अधिकारी या सगळ्यांनाच हुकलेले डॉक्टर म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणत नाही. तो शिक्का फक्त या एका पदवीच्या वाट्याला येतो, कारण तिच्या नावात वैद्यकाचा उल्लेख आहे आणि त्यामुळे तिची तुलना थेट डॉक्टरीशी करण्याचा मोह आवरत नाही.

ही तुलना मुळात चुकीच्या जागी उभी आहे, कारण दोन्ही शिक्षणे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यायला शिकवतात. समोरच्या या एका रुग्णासाठी आत्ता काय करावे, हा डॉक्टरचा प्रश्न असतो आणि अपुऱ्या माहितीवरही निर्णय घेण्याची जबाबदारी त्याला टाळता येत नाही. उलट हातात आलेला आकडा खरा आहे का, तो कशामुळे खोटा ठरू शकतो आणि खरा असला तरी त्याचा अर्थ कितपत ताणता येईल, हा जैववैद्यकीय वैज्ञानिकाचा प्रश्न असतो. हा फरक केवळ पुस्तकी नाही, हे रोजच्या तपासणीतील एका प्रसंगावरून दिसते. रक्तपेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या टोपणाची जी नळी वापरली जाते, तिच्यात ईडीटीए नावाच्या रसायनाचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. हे रसायन रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठू शकत नसल्याने पेशी मोजण्याजोग्या राहतात. पोटॅशियम, कॅल्शियम यांसारख्या तपासण्यांसाठी मात्र दुसरी, साधी नळी लागते. वॉर्डातील गडबडीत साध्या नळीत रक्त कमी पडले म्हणून कोणी जांभळ्या नळीतले थोडे रक्त तिच्यात ओतले, तर प्रौढ माणसात प्रतिलिटर साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असायला हवे ते पोटॅशियम ९ किंवा १० वर जाऊन बसते, आणि त्याच वेळी कॅल्शियम इतके खाली येते की तेवढ्या कॅल्शियमवर माणूस जिवंत असणे कठीण. शिवाय अल्कलाइन फॉस्फटेज हे विकरही घसरते, कारण त्याला लागणारे जस्त आणि मॅग्नेशियम ईडीटीएने पळवलेले असते.

यंत्राने येथे काहीही चूक केलेली नसते. नळीत जे होते ते त्याने इमानाने मोजलेले असते. केवळ पोटॅशियमचा आकडा पाहणारा घाबरून हृदयाची लय बिघडण्याच्या भीतीने तातडीचे उपचार सुरू करील आणि ज्याचे पोटॅशियम मुळात ठीक होते त्याचे पोटॅशियम औषधाने खाली ओढील. तिन्ही आकडे एकत्र वाचण्याचे शिक्षण ज्याला मिळाले आहे, तो रिपोर्ट थांबवून वॉर्डात फोन करील आणि नवा नमुना मागवील. याहून अवघड गोष्ट अशी की मिसळ अगदी थोडी झालेली असेल, तर पोटॅशियम जेमतेम वाढते, कॅल्शियम फारसे हलत नाही आणि आकडा संशयास्पद वाटण्याऐवजी विश्वसनीय वाटतो. अशा ठिकाणी पाठांतर उपयोगी पडत नाही; ईडीटीए कशाशी बांधले जाते, किती प्रमाणात बांधले जाते आणि कोणत्या विकराला कोणता धातू लागतो हे रसायनशास्त्र ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्यालाच शंका येते. ही शंका घेण्याची सवय तीन-चार वर्षांच्या पदवीत लावता येते आणि लावली जायला हवी. तिला उरलीसुरली डॉक्टरी म्हणणारा वैद्यकही समजलेला नाही, कारण डॉक्टरचा निर्णय ज्या आकड्यावर उभा असतो त्या आकड्याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते, हेच तो विसरतो.

सांख्यिकीच्या बाबतीतही हेच आहे. एखादी चाचणी आजारी माणसांपैकी ९९ टक्क्यांना बरोबर ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांना बरोबर वगळते, असे जाहीर झाले की ती जवळजवळ अचूक आहे असे सर्वांनाच वाटते. परंतु हजारात एकाला होणाऱ्या आजारासाठी ती एक लाख लोकांवर वापरली, तर १०० आजारी माणसांपैकी ९९ सापडतात आणि ९९,९०० निरोगी माणसांपैकी ९९९ जणांवर आजाराचा खोटा ठपका बसतो. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १,०९८ जणांत खरे आजारी जेमतेम ९ टक्के निघतात. करोनाच्या साथीत शहाण्यासुरत्या माणसांनी चाचण्यांविषयी जे बेधडक बोलून घेतले, त्यातील बरेचसे हा एवढा हिशेब मांडला असता तर टळले असते.

इतिहासात या वादाची सर्वांत तिखट लढत मुंबईशी जोडलेली आहे. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वाल्देमार हाफकिन डॉक्टर नव्हते. ओडेसा येथे मेच्निकॉव्ह यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकून आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस तयार करून ते हिंदुस्थानात आले होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तुटपुंज्या साधनांनिशी काम सुरू केले, उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस दिल्यावर १९ जण धनुर्वाताने दगावले आणि सगळा दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर, पर्यायाने त्यांच्या पात्रतेवर आला. सरकारी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांना या परक्या, पदवीने डॉक्टर नसलेल्या माणसाविषयी आधीपासूनच अढी होती आणि आता तिला निमित्त मिळाले. मात्र दगावलेले सर्वच्या सर्व १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते, त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नव्हते, आणि ती बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. जमिनीतील मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. या पुराव्याचा योग्य अर्थ लावून हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी रोनाल्ड रॉस प्रभृतींना लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्रे लिहावी लागली.

हे रॉस स्वतः डॉक्टर होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवायला हवी, कारण प्रस्तुत प्रतिवाद डॉक्टरांविरुद्ध नाही. मुल्कोवालच्या चौकशीत ज्या गोष्टीची उणीव होती ती पदवीची नव्हती. दूषितता प्रयोगशाळेत आली की वापराच्या ठिकाणी आली, हे नमुन्याचा प्रवास टप्प्याटप्प्याने तपासून ठरवायचे असते, एवढी समज चौकशी करणाऱ्यांना नव्हती आणि ती हाफकिन यांच्या बाजूच्यांना होती. आजच्या भाषेत यालाच तपासणीपूर्व टप्प्यातील चूक शोधणे म्हणतात, आणि वर सांगितलेली जांभळ्या नळीची गफलत त्याच जातीची आहे.

मराठी वाचकांना याहून जवळचे उदाहरण डॉ. कमल रणदिवे यांचे. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा होती, परंतु फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर संशोधन करून १९४९ मध्ये पीएचडी मिळवली, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याचे तंत्र, आत्मसात केले आणि परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. असल्या थोर नावांनी वाद जिंकता येत नाही हे खरे आहे, कारण प्रतिपक्ष लगेच म्हणेल की अपवादांवरून नियम ठरत नाही, आणि त्याचे म्हणणे रास्तच आहे. या उदाहरणातून एवढेच सिद्ध होते की वडिलांच्या इच्छेविरुद्ध घेतलेली वाट नाइलाजाचीच असते असे नाही, ती निवडलेलीही असू शकते.

प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा अधिकाराचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात असे स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर विकृतिशास्त्रातील, म्हणजे पॅथॉलॉजीतील, पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच प्रतिस्वाक्षरी हवी; मग ज्याला स्वतःच्या कामाखाली सही करता येत नाही, त्याच्या विद्येला स्वतंत्र कसे म्हणावे, असा प्रश्न विचारला जातो. या निर्णयामागील कारण योग्यच आहे, कारण पॅथॉलॉजिस्टची सही भाड्याने घेऊन चालणाऱ्या लॅबनी रुग्णांचे जे नुकसान केले आहे त्याला आळा बसणे आवश्यक होते. परंतु सहीचा अधिकार हा रुग्णाप्रती उत्तरदायित्व कोणाचे, या प्रश्नाचा कायदेशीर तोडगा आहे. ज्ञान कोणाचे, हे त्यावरून ठरत नाही. पूल उभारताना शेवटची मंजुरी ज्याच्या सहीने मिळते तो काँक्रीटची ताकद स्वतः मोजत नाही, म्हणून ती मोजणारा कोणी अर्धवट अभियंता ठरत नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला आहे. तेथील प्रयोगशाळा सहायकांनी १९१२ मध्ये जी संघटना स्थापन केली, तीच आज इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्स म्हणून ओळखली जाते, आणि ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे पद कायद्याने संरक्षित आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंद असल्याशिवाय ते कोणालाही स्वतःच्या नावापुढे लावता येत नाही. ही नोंद केवळ पदवीने मिळत नाही. मान्यताप्राप्त पदवीबरोबर प्रत्यक्ष प्रयोगशाळेतील प्रशिक्षण आणि त्याचा तपासला गेलेला पुरावा लागतो. पुण्या-मुंबईहून जे पालक मुलांना कर्ज काढून तेथे ही पदवी घ्यायला पाठवतात, त्यांच्यापैकी अनेकांना पदवीला या इन्स्टिट्यूटची मान्यता आहे का, हा प्रश्न विचारायचा असतो हेसुद्धा कोणी सांगितलेले नसते.

त्याऐवजी त्यांना सांगितली जाते ती मागच्या दाराची गोष्ट, आणि येथे या पदवीचे शत्रू आणि तिचे विक्रेते एकाच सुरात बोलू लागतात. ही पदवी घ्या, पुढे मेडिकलला जाता येईल, असे सांगून ती विकणारा मनुष्य तिला हुकलेली डॉक्टरी म्हणणाऱ्याइतकाच तिचा अपमान करतो. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण मुळातच पदवीनंतर सुरू होते आणि ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचे काही वैद्यकीय अभ्यासक्रम आहेत, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेथील जागा मोजक्या असतात. भारतात तर असे दारच नाही, कारण एमबीबीएसचा प्रवेश नीटमधूनच होतो आणि बीएस्सीची तीन-चार वर्षे त्यात कोणतीही सवलत मिळवून देत नाहीत. ही वस्तुस्थिती लपवून प्रवेश भरले जातात, मग वर्गात निम्मी मुले इम्युनोलॉजीच्या पुस्तकाखाली नीटचे प्रश्नसंच सोडवत बसतात, प्रात्यक्षिक म्हणजे एकाच सेंट्रिफ्यूजभोवती उभे राहून वरच्या वर्गाच्या जर्नलमधील आकडे उतरवून घेणे असा अर्थ रूढ होतो, आणि अशा रीतीने शिकलेल्या पदवीधराला जांभळ्या नळीची गफलत ओळखता आली नाही की तोच प्रतिपक्षाचा पुरावा बनतो. या अवनतीची जबाबदारी अभ्यासक्रमाच्या आशयावर नव्हे, तर त्याला प्रतीक्षालय बनवणाऱ्यांवर आहे.

आता सगळे ऑटोअ‍ॅनलायझरच करतो, मग माणूस कशाला, असाही एक युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. तो फार वेळ घेण्याच्या योग्यतेचा नाही. यंत्र तासाला शेकडो तपासण्या करते हे खरे, परंतु रोज रुग्णांचे नमुने लावण्याआधी ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा नियंत्रण नमुना त्यावर चालवावा लागतो, त्याचे उत्तर लेवी-जेनिंग्ज आलेखावर मांडावे लागते, आणि लागोपाठ दोन उत्तरे सरासरीपासून एकाच बाजूला दोन प्रमाणविचलनांपलीकडे गेली तर काम थांबवावे लागते. १९८१ मध्ये वेस्टगार्ड यांनी मांडलेल्या नियमांत हा नियम येतो. यंत्र इशारा देईल, पण अभिकर्मक जुना झाला की प्रकाशस्रोत क्षीण झाला की नियंत्रण नमुनाच नीट विरघळवला नव्हता, हे शोधायला कारणपरंपरा ठाऊक असलेला माणूसच लागतो.

राहता राहिला पगाराचा प्रश्न, आणि तेथे प्रतिपक्षाशी पुष्कळशी सहमती दाखवावीच लागते. नुसत्या बीएस्सीवर भारतात सन्मानाची नोकरी मिळणे दुरापास्त आहे, एमएस्सी आणि बहुधा पीएचडीपर्यंत जावे लागते, तोवर शिष्यवृत्त्या उशिरा येतात, आणि खासगी लॅब अनुभवाच्या नावाखाली पदवीधरांना अत्यल्प मोबदल्यात राबवतात. पण ही उणीव विद्येची नसून व्यवसायाच्या मान्यतेची आहे, आणि ती मान्यता देण्याचा कायदा २०२१ मध्येच संसदेत मंजूर झालेला आहे. राष्ट्रीय सहबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या त्या कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय प्रयोगशाळा आणि जीवविज्ञान असा स्वतंत्र वर्ग असून त्यात जैवतंत्रज्ञ, रेण्वीय जीवशास्त्रज्ञ, आनुवंशिकी तज्ज्ञ यांपासून प्रयोगशाळा तंत्रज्ञांपर्यंतचे व्यवसाय नमूद आहेत, आणि त्यांच्या नोंदणीसाठी प्रत्येक राज्यात परिषद असणे बंधनकारक आहे. या परिषदा स्थापन करण्यात राज्यांनी इतकी दिरंगाई केली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांना मुदत घालून द्यावी लागली. ब्रिटनमध्ये ज्या नोंदवहीमुळे या पदवीला बाजारात किंमत आली तशी नोंदवही येथे प्रत्यक्षात चालू होऊन, नोंद नसलेल्याला कामावर ठेवणाऱ्या लॅबला दंड होऊ लागेपर्यंत, पगार कमी म्हणून पदवी हलकी असे म्हणणाऱ्यांनी आपला रोख विद्यार्थ्याच्या निवडीकडून काढून मंत्रालयाकडे वळवावा, एवढे तरी त्यांच्याच युक्तिवादातून निघते.